एकही घरफोडी नसलेला सेक्टर

आमच्या सेक्टरमध्ये चोऱ्या होत नाहीत, हे आम्ही नऊ वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅट घेतला तेव्हा लालबागच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, "एवढ्या लांब? रात्री-अपरात्री कोण विचारणार तुम्हाला?" त्यांना मी दर भेटीत हेच ऐकवायची. पोलीस ठाण्यातले साहेब दोन-तीन महिन्यांनी रहिवाशांची बैठक घेतात. कुठल्या सेक्टरमध्ये किती घरफोड्या, किती मोटरसायकली गेल्या, गेल्या खेपेपेक्षा वाढ की घट, सगळं वाचून दाखवतात. आमच्या सेक्टरपुढे दरवेळी एकच वाक्य, घरफोडी एकही नाही. मग टाळ्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे चांगल्या निकालाचं मला फार कौतुक. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच असायच्या.

गणपतीला आमची निम्मी इमारत कोकणात जाते. त्यासाठी सोसायटीची एक पद्धत होती. गावी जाणाऱ्यांची यादी करायची, रूम नंबर, कधी जाणार, कधी येणार, आणि ती गेटवर लावायची. का, तर वॉचमनने त्या घरांवर जास्त लक्ष ठेवावं आणि दूधवाल्याने उगाच बेल वाजवू नये. माझं अक्षर चांगलं म्हणून ती यादी दरवर्षी मीच लिहायची. चोराला आमंत्रणपत्रिका छापून द्यावी तसला हा प्रकार आहे, हे साठ-सत्तर शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. यंदाही जाड स्केचपेनने, लांबून वाचता येईल अशी लिहिली. समोरच्या ताईंनी चिकटपट्टी कापून दिली आणि कागद सरळ लागलाय का तेही लांब उभं राहून बघितलं.

या ताई म्हणजे आमच्या दारासमोरच्या. साताऱ्याकडच्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा त्यांच्याकडून आला. मला सख्खी बहीण नाही आणि ती नसल्याचं त्यांनी मला जाणवू दिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी आईच्या ठुशीची डबी हातात घेऊन त्यांच्या दारात गेले. माझ्या आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती आणि मार्गशीर्षात लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायची ठरली होती. "गावी नेऊ का? गौरीलाही घालता येईल," मी विचारलं. ताईंनी डबी उघडून पाहिली, झाकण परत लावलं आणि म्हणाल्या, "प्रवासात कशाला गं जोखीम? घरातच ठेव. आपल्याकडे कुठं काय होतंय?" मी परत जाऊन ती कपाटात ठेवली.

आठ दिवसांनी आलो तर कोयंडा उचकटलेला. कपाट सताड उघडं, साड्या जमिनीवर, डबी नाही. आमच्यामागोमाग साताऱ्याहून परतलेल्या ताई धावत आल्या, मला जवळ घेऊन माझ्याइतक्याच रडल्या. आम्हाला जेवायलाही त्यांनीच वाढलं.

दुपारी मी एकटीच पोलीस ठाण्यात गेले. हे कुलूपवाल्याला शोधत होते. टेबलावरचे हवालदार करावे गावचे, वयस्कर, बोलायला गोड. पत्ता ऐकून त्यांनी मान वर केली.

"म्याडम, गेल्या गनपतीला पन तुमच्याच बिल्डिंगमधनं एक बाई आलेली. तुमच्याच मजल्यावरची. कोयंडा असाच तोडलेला. गेटवर ती यादी लावता ना तुमी? मी तवाच सांगितलेला, ती काढा म्हनून. पन बाईंनी तक्रार दिली नाय. नको म्हनाल्या, बोभाटा नको."

आमच्या मजल्यावर दोनच घरं आहेत.

गेल्या वर्षी गणपती करून साताऱ्याहून आल्याबरोबर ताईंनी लोखंडी दार बसवलं होतं. "लाकूड फुगलंय गं," म्हणाल्या होत्या. मी त्या सुताराला चहा करून दिला होता.

फिर्याद तशीच अर्धवट सोडून मी घरी आले आणि त्यांची बेल दाबली. "ताई, गेल्या वर्षी तुमच्याकडे चोरी झाली होती?"

त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं मानते. "आम्हाला फ्लॅट विकून पुण्याला लेकीजवळ जायचंय, तुला माहितेय. विमानतळामुळं आत्ता कुठं भाव आलाय. चोरी झालेल्या बिल्डिंगमध्ये कोण घर घेतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि यादी? ती तरी काढायला सांगायचं."

"का काढायची, असं सगळ्यांनी विचारलं असतं गं."

"मी ठुशी घेऊन दारात आले होते, ताई."

माझा हात धरून त्या म्हणाल्या, "तू फिर्याद देऊ नको. माझ्यासाठी. रविवारी माणसं यायचीत घर बघायला. गेलेलं सोनं कधी परत मिळतं का?"

यातलं शेवटचं खरं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, तोही मायेने हात धरून. ठुशी गेली याचं दुःख मी गिळलं असतं. पण ती जाऊ शकते हे माहीत असलेलं माणूस मला "घरातच ठेव" म्हणालं. मी हात सोडवून घेतला आणि त्याच संध्याकाळी परत ठाण्यात जाऊन फिर्याद पूर्ण केली.

पुढच्या बैठकीला हॉल भरला होता. साहेबांनी आमच्या सेक्टरचं वाचलं, घरफोडी एक, म्हणजे वाढ. टाळ्या नाहीत. आमचे चेअरमन माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच कोयंडा तोडला. साहेबांनी विचारलं, "यापूर्वी असा काही प्रकार? नोंद नसेल, तरी सांगा. चोर एकच असेल तर आम्हाला माग काढता येईल."

फिर्यादीत मी ताईंचं नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी त्या स्वतः बोलतील. त्यांचा व्यवहार तोवर पक्का झाला होता, बयाणाही मिळाला होता, आता लपवायला काही कारण उरलं नव्हतं. आणि ताई खरंच उभ्या राहिल्या. मी पुढे वाकून त्यांच्या पदराला हात लावला.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या मजल्यावर तरी याआधी असं कधीच झालेलं नाही."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.