पानावरचा आडवा हात

बारशाच्या पंगतीत मी तूप वाढत होते. माझी भाची रेवा हिच्यासमोर आले, तसा तिने पानावर हात आडवा धरला. "नको, मावशी."

आमच्या घरात पंगतीतल्या 'नको'ला कोणी जुमानत नाही. जो नको म्हणेल त्याला दुप्पट वाढायचं, हीच आमची माया. रेवा जेवण टाळून टाळून काडीसारखी झाली, तेव्हाही मी हीच माया केली, वर तिला हट्टी म्हटलं. तिने माझ्याकडे येणंच सोडलं.

मग तिच्यावर उपचार सुरू झाले, आणि तिच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की उपासमारीत शरीराबरोबर मेंदूही आक्रसतो. अन्न पाहून त्याला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. नीट खाणं सुरू झालं की तो बराचसा भरून येतो, पण धास्ती मागाहून, सावकाश जाते. म्हणजे हट्ट रेवाचा नव्हताच. उपाशी मेंदू तिच्या तोंडून बोलत होता, आणि उपाशी जिवाशी कोणी भांडतं का?

"अगं वाढ की, लाजतेय ती," शेजारच्या पानावरून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"तिचं ती सांगेल," मी म्हटलं आणि भांडं घेऊन तशीच वाकून राहिले. कंबर भरून आली, पण मला घाई नव्हती. मेंदू भरून येतोय, त्याला दोन मिनिटं द्यायला माझं काय जातं?

रेवाने हात हळूच बाजूला घेतला. "थोडंच."

मी थोडंच वाढलं. इतक्या वर्षांच्या पंगतींत पहिल्यांदाच.