गिटारवाल्या बुवांच्या बाकीच्या कॅसेटी ऐकायला द्रोणागिरीला

'गिटारवाले बुवा' हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. आमच्याकडे त्यांची एकच कॅसेट, लग्नानंतर घेतलेली. गिटार, डफ आणि खणखणीत आवाज. नंतरच्या मी घेऊच दिल्या नाहीत. एक चांगली आहे ना, मग तीच ऐकायची.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र अडखळते. संध्याकाळची आरती हे म्हणायचे, ती बंद झाली. परक्यासमोर तर तोंडच उघडत नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, द्रोणागिरीला माझ्या ओळखीचे रशीदभाई आहेत. बुवांचं सगळं आहे त्यांच्याकडे. भावोजींना घेऊन जा." स्वामींना नमस्कार करून गुरुवारी निघालो.

खारघरहून रिक्षाने बेलापूर, तिथून उरणची लोकल. दुपारी बसायला जागा मिळते, पण गाड्या कमी, वेळ बघूनच निघा. तिकीट स्वस्त, पैसे जातात ते रिक्षाला. खिडकीतून आधी खाडी, मग नुसते कंटेनर. डबा घरूनच न्या.

रशीदभाई मूळचे तिथलेच, बंदरातल्या कामातून निवृत्त झालेले. चहा ठेवताना त्यांनी ह्यांना विचारलं, "साहेब, साखर किती?"

"अर्धा चमचा," मी म्हटलं.

"भाभी, चहा साहेब पिणार का तुमी?"

मी हसले. हे हसले नाहीत.

दुसऱ्या कॅसेटमध्ये हमालांची गाणी होती, तिसरीत डफ नाहीच, नुसती गिटार. ह्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मग रशीदभाईंनी शेवटची, म्हातारपणीची सीडी लावली. आवाज पार फाटलेला. ओळीच्या मध्येच दम लागतोय, तोही ऐकू येतोय. माझ्याने ऐकवेना. ह्यांच्यापुढे हे कशाला, असं वाटून मी पर्स उचलली.

तेवढ्यात अजान झाली. रशीदभाईंनी गाणं ओळीतच थांबवलं. अजान संपल्यावर "निघतो आता" म्हणायला मी तोंड उघडणार, तर हेच बोलले.

"पु... पुढचं. पुढचं लावा."

"लावतो, साहेब. घाई नाय."

बुवा एका शब्दाशी अडले, श्वास घेतला, मग तो शब्द सावकाश आला. साथीदारांनी त्यांना ओढून पुढे नेलं नव्हतं. ताल धरून थांबले होते.

तुम्हीही एकाच कॅसेटवर अडकला असाल, तर क्रमाने ऐका. शेवटची एकदम लावू नका. ती ऐकून मी बुवांबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त विचार करत परत आले. आठ महिने ह्यांचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करत होते.

घरी पोचून दिवा लावला. मी आरती सुरू करणार, तर ह्यांनी हात वर केला आणि स्वतः सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात अडले. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी टाळ्या वाजवत राहिले. कापूर विझला, तशी दुसरी वडी लावली.