तळ्यावरच्या बंगल्याचं शेरेबुक

"अव्वा! बुटं दारातच काढली का तुमी? बरं केलं. अन् हे काठी कोनं आडवी टाकली उंबऱ्यात?"

पाहुणे आले की सुंदराबाईचं तोंड असं सुरू व्हायचं ते ते जाईपर्यंत थांबायचं नाही. पाठीवर वळकट्या बांधून घाट चढून आलेली कॉलेजची पोरं हसायची. एकमेकांना म्हणायची, चौकीदारीण भलतीच बोलकी दिसते. पण सुंदराबाई त्यांच्यासाठी बोलतच नव्हती. मागून तिचा नवरा बुधाजी डोक्यावर ट्रंक घेऊन येत असायचा. घरातली प्रत्येक चीज कुठं आहे हे त्याला पाठ होतं. बुटं अन् काठ्या मात्र रोज नव्या जागी पडायच्या.

बुधाजीला दिसत नव्हतं. आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

चिखलदऱ्याच्या पठारावर, वस्तीपासून दीड कोस आत, धाकटं तळं म्हणून एक पाणी आहे. त्याच्या काठी इंग्रजाच्या काळातला दोन खोल्यांचा सरकारी बंगला. परतवाड्याहून पायी चढणारे लोक एक रात्र तिथं टेकायचे, सकाळी तळं पाहायचे आणि पुढच्या कड्यांकडे निघायचे. सत्तावन्न साली बुधाजी तिथं चौकीदार लागला, तेव्हा त्याचे डोळे घारीसारखे होते. चांदूर रेल्वेजवळचं गाव दोघांनी आदल्याच वर्षी सोडलं होतं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बुधाजीनं गावात सांगून टाकलं, "मेलेलं ढोर आता मी वढनार नाई." गावानं काम बंद केलं, विहिरीकडची वाट बंद केली, पिठाची चक्कीही बंद केली. म्हणून हा डोंगर. सुंदराबाई म्हणायची, "गारठा हाय, वाघरू हाय, पन कोनी 'दूर हो' म्हनत नाई."

सालं गेली. एकसष्टच्या सुमारास बुधाजी दारांच्या चौकटींना खांदे धडकवू लागला. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही धूसर होत गेलं. कौंडण्यपूरच्या यात्रेत डोळे तपासणारे एक डॉक्टर बसले होते. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, बाबा."

परत येताना एसटीत बुधाजी एकच वाक्य बोलला.

"नोकरी गेली तं गावात जावं लागीन, सुंदरा."

"नाई जानार नोकरी."

"कशी नाई जानार? आंधया चौकीदार कोन ठेवते?"

"आंधया हाय हे सांगते कोन? तुमी?"

त्यानं मान खिडकीकडं वळवली.

"मी तं नाई सांगनार," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचं बोलणं सुरू झालं.

ओव्हरसियर वामनराव दोन महिन्यांनी एकदा जीपमधून यायचे. माणूस वाईट नव्हता. पलंग मोजायचे, कंदील मोजायचे, चहा प्यायचे. सुंदराबाई कप नेहमी टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर ठेवायची, बुधाजी तो न चुकता उचलून साहेबांपुढं करायचा. वामनराव म्हणायचे, "बुधाजी, तुझा हात मोठा सराईत." सुंदराबाई मोठ्यानं हसायची.

चौसष्टच्या पावसाळ्याआधी वामनरावांनी नवी बातमी आणली. "चौकीदार लोकांना कायम करणार आहेत. वरचे साहेब शेरेबुक पाहून ठरवणार. पाहुण्यांकडून चांगलं लिहून घेत जा."

शेरेबुक म्हणजे लाल पुठ्ठ्याची जाड वही. बंगल्यावर राहिलेल्यानं त्यात नाव लिहायचं आणि शेरा मारायचा. पानांवर छापील आकडे, मध्ये कार्बन. वरचं पान महिन्याच्या महिन्याला कचेरीत जायचं, खालचं वहीत राहायचं. त्यामुळे एखादं पान फाडावं म्हटलं तरी सोय नव्हती. दोघांनाही वाचता येत नव्हतं. सुंदराबाईनं मनाशी ठरवून टाकलं, या वहीत एकदा भरभरून चांगलं लिहून आलं की मग कोणी डोळ्यांकडे पाहणार नाही.

श्रावणात अमरावतीच्या एका शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. कौशल्याबाई. बरोबर अकरा मुली, वेण्यांना लाल फिती. पायी घाट चढून आल्यामुळे सगळ्यांच्या टाचा सोललेल्या.

"मावशी, तळं कुठं आहे?"

"हे मागंच. पन आता नोका जाऊ. धुई उतरून राहिली."

"आत्ताच जाऊन येतो हो! उद्या सकाळी परत निघायचंय आम्हांला."

दुपारचे चार वाजले असतील. मुलींना घेऊन बाई गेल्या आणि घटकाभरात धुई अशी उतरली की सुंदराबाईला स्वतःचं पाऊल दिसेना. तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागूनच दरी आहे. मुलींच्या हाका येऊ लागल्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. धुईत हाक फसवते.

सुंदराबाई व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. ओरडावं तर पोरी आवाजाकडे धावतील आणि मध्ये पाणी. ओरडू नये तर त्या कुठंही धावतील.

बुधाजीनं चपला काढल्या.

"तुमी कुठी चालले?"

"आनतो त्यायले."

"अवो, काही दिसून नाई राहिलं!"

"तुले," बुधाजी म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

अर्ध्या तासानं तो आला. मागं मास्तरीणबाईंनी त्याच्या काठीचं टोक धरलेलं, त्यांचा पदर पहिल्या मुलीच्या मुठीत, तिची ओढणी दुसरीच्या, अशी अकरा जणींची साखळी. बुधाजी पाऊल मोजत होता, "दोनशे आठ, दोनशे नऊ, आता दगड हाय, पाय उचला." शेवटची मुलगी व्हरांड्यात आली तेव्हा कौशल्याबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग हसू लागल्या. मग पिशवीतून घरची करंजी काढून त्यांनी बुधाजीपुढं धरली.

बुधाजी तसाच उभा. करंजी त्याच्या नाकासमोर.

"घ्या ना, बाबा."

"कायले?" त्यानं विचारलं.

कौशल्याबाईंनी हात हळूच डावीकडे नेला, परत उजवीकडे आणला. त्याचे डोळे हलले नाहीत. त्यांनी करंजी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली. सुंदराबाई तोवर चुलीपाशी गेली होती, तिनं यातलं काहीच पाहिलं नाही.

सकाळी निघताना तिनंच शेरेबुक पुढं केलं. "बाई, येवढं चांगलं लिवून ठेवा. आमचं पोट हाय याच्यावर."

"लिहिते ना! तुम्ही सांगितलं नसतं तरी लिहिलं असतं."

कौशल्याबाईंनी पान भरलं. मुली खांद्यावरून वाकून वाचत होत्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुंदराबाई ते पाणी पाहत राहिली.

"काय लिवलं बाई?"

"खूप चांगलं, मावशी. खूपच."

त्या दिवशी सुंदराबाईनं गोडाचा शिरा केला.

कार्तिकात जीप आली. वामनराव पलंग मोजायला गेले नाहीत. व्हरांड्यातच खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"सुंदराबाई, शेरेबुक आण."

तिनं पदरानं पुसून आणलं.

"हे मास्तरीणबाईंनी काय लिहिलंय ते माहीत आहे तुला?"

"चांगलं लिवलं साहेब."

"चांगलंच लिहिलंय. ऐक." वामनरावांनी चष्मा लावला. "'दाट धुक्यात आम्ही तळ्याकाठी अडकलो होतो. चौकीदार बुधाजी यांना दोन्ही डोळ्यांनी मुळीच दिसत नसूनही त्यांनी एकेक पाऊल मोजत आम्हां बारा जणींना सुखरूप बंगल्यावर आणले. अशा माणसाचा शासनाने जाहीर गौरव करावा.'"

बुधाजी चहाच्या कपासाठी टेबलाच्या कोपऱ्याकडे हात नेत होता, तो तिथंच थांबला.

"खोटं हाय साहेब!" सुंदराबाई म्हणाली. "त्या बाई घाबरल्या होत्या. घाबरल्यावर मानूस काईबी लिवते. पुसा ना ते. रबरानं पुसा."

"वरचं पान साहेबांच्या टेबलावर आहे. त्यांनी खाली लाल शाईनं लिहिलंय, वैद्यकीय तपासणी करावी. मी आधी वाचलं असतं तर..." वामनरावांनी चष्मा काढला. "वाचलंच नाही म्हणालो असतो. आता माझ्या हातात काही नाही, बाई."

"कोनाच्या हातात हाय?"

वामनरावांनी बुधाजीकडे पाहिलं. "खरंच काही दिसत नाही का रे?"

"तुमी आज चॉकलेटी कोट घालून आले," बुधाजी म्हणाला.

सुंदराबाईनं डोळे मिटले. वामनराव पांढऱ्या सदऱ्यात होते. कोट मागच्या खेपेला होता, तिनंच तेव्हा वाखाणला होता.

पुढच्या सोमवारी दोघं अमरावतीला उतरले. दवाखान्याच्या ओसरीवर माणसंच माणसं. बुधाजीचं नाव पुकारलं तशी सुंदराबाई त्याच्याबरोबर उठली.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा."

"त्यायले ऐकू कमी येते साहेब, मी संग..."

"डोळे तपासायचेत. कान नाही."

दार लागलं. तिनं फटीपाशी कान नेला. आतून आवाज आला, "भिंतीवर तक्ता आहे. त्याच्यावरच्या चिन्हाचं तोंड कोणीकडं आहे? वर, खाली, डावीकडं, उजवीकडं?"

आत स्टूल करकरलं.

"सांगा की."

"वर," बुधाजी म्हणाला.

"हे?"

"वर."

"आणि हे?"

तिला वाटलं, खोकावं. पण काय म्हणून खोकणार? तो तक्ता तिलाही दिसत नव्हता. दाराच्या लाकडावर तिनं तळहात टेकवला आणि तशीच उभी राहिली. मागं रांगेतला एकजण म्हणाला, "ओ बाई, सरका ना, आमचाबी नंबर हाय."

डॉक्टर तरुण होते. दार उघडून त्यांनी तिला आत घेतलं. "किती वर्षं दिसत नाही यांना? लिहावं लागतं. खरं सांगा."

तिनं हिशेब केला. खरं सांगितलं तर तीन वर्षं सरकारला फसवलं. खोटं सांगावं तर कशाला? नोकरी तर गेलीच होती.

"तिले इचारू नका, साहेब," बुधाजी म्हणाला. "तिले काई माईत नाई. मी तिलेबी सांगतलं नव्हतं."

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, लिहिलं आणि कागद घडी करून त्याच्या हातात दिला. वामनरावांनी निघतानाच सांगितलं होतं, तपासणीत उतरला नाही तर आठवड्याच्या आत बंगल्याच्या किल्ल्या परत द्यायच्या.

फाटकाबाहेर रिक्षांच्या घंटा, टांगे, सायकली. डोंगरावर दोनशे पावलं मोजणारा माणूस दोन पावलांत थांबला.

"किल्ल्या देऊन आलो का मंग गावाकडं, चांदूरची गाडी कुठून भेटते?" त्यानं विचारलं.

"माईत नाई मले."

"इचार ना कोनाले."

सुंदराबाईनं तोंड उघडलं. समोरून माणसं जात होती, आणि 'दूर हो' म्हणणाऱ्या गावाची वाट विचारायला तिची जीभ वळेना. बुधाजी वाट पाहत उभा राहिला.