चोवीस की एकतीस

नोरीन ट्रेविना म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या वेरिना गावात जुन्या वाफेच्या इंजिनांची शेड आहे. तिथे ही सत्तरी उलटलेली म्हातारी दर शनिवारी डांगरी चढवून इंजिनाखाली घुसते. कशासाठी, तर चोवीस नंबरसाठी. तिचा बाप आल्फ निवृत्त होईपर्यंत चोवीसच चालवायचा. उद्या त्याच्या नावाची पाटी इंजिनाला लागायची होती, म्हणून ती खालच्या लोखंडी चौकटीवरचा जुना रंग खरवडत बसली होती.

रंगाखाली ठोकलेला आकडा निघाला. एकतीस.

"लेन, जरा इकडे ये बघू. माझा चष्मा गंडलाय का?"

शेडमधला तिचा जोडीदार लेन कोवाक्स चहाचा मग घेऊनच वाकला. "एकतीसच आहे की."

"असेल कुठला तरी तुकडा. चाकं, दांडे, सगळ्यांची अदलाबदल व्हायचीच."

"दांडे बदलतात गं. चौकट कोण बदलतंय? चौकट म्हणजेच इंजिन. आल्फनंतर कारखान्यात चोवीस अन् एकतीस शेजारी शेजारी खोलली असणार, अन् एकाची केबिन चढवली दुसऱ्यावर. नंबर केबिनवर असतो ना."

नोरीनच्या डोक्यात काही शिरेना. केबिन चोवीसची, चौकट एकतीसची. म्हणजे बाप बसायचा इथेच, पण चालवायचा ते दुसरंच? तिने बोटांवर मांडून पाहिलं, ते आणखीच गुंतलं.

"मग आपण मागे फोडलं ते एकतीस... त्याची चौकट चोवीसची?"

लेनने चहाचा मग खाली ठेवला. सुट्या भागांसाठी ते इंजिन कापलं, तेव्हा गॅसची ज्योत नोरीनच्याच हातात होती. "एकतीससाठी कोण रडणारंय?" असं वर म्हणालीही होती. त्यातला वाफ सोडायचा दांडा तेवढा तिने या केबिनमध्ये बसवला, मुठीला छान बसतो म्हणून.

ती गुडघे धरत वर चढली. दांडा हातात घेतला. कुणाच्या तरी तळव्याने तो एका बाजूने पार गुळगुळीत झाला होता. तिने त्याच बाजूवर आपला तळवा टेकवला.

"बाबा, मी तुमचंच इंजिन कापलं हो," ती म्हणाली.

खालून लेनने बिचकत विचारलं, "उद्याच्या पाटीचं काय करायचं?"

"लाव."

"कुठे लावू?"

नोरीनने केबिनभर नजर फिरवली. "ते मला कळत नाहीये रे," ती म्हणाली. दांडा काही तिने सोडला नाही.