भागुबाईची चकती

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की पद्मनाभ आधी भागुबाईला हाक मारायचा, “चला अक्का, कामाला लागू.” भागुबाई वारून वर्षं लोटली होती. उरला होता तिच्या माकडहाडातल्या गाठीचा, मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा.

नव्वदच्या दशकातली बसवनगुडीतली ही प्रयोगशाळा. डॉक्टर वसुमती तिथे हाडांच्या दुर्मिळ गाठींचं मूळ शोधत; पद्मनाभ त्यांचा तंत्रज्ञ. आईच्या पोटात कणा घडण्याआधी बाळाच्या पाठीत एक मऊ दोरी असते. पुढे ती विरते. कुणाकुणात तिचा धागा मागे राहतो आणि उतारवयात गाठ होऊन उठतो. अशा गाठीची पातळ चकती पद्मनाभच्या औषधाने तपकिरी व्हायची, दुसरी कसली गाठ असली तर निळी राहायची. भागुबाईची गाठ याच जातीची, म्हणून शेजारी तिची चकती हवीच. ती रंगली नाही तर त्या दिवसाचं सगळं काम खोटं. मेलेल्या बाईच्या साक्षीवाचून इथे जित्यांचं पान हलत नसे.

मग पद्मनाभचंच माकडहाड दुखू लागलं. गाठ निघाली. तपासणीसाठी काढलेल्या तिच्या तुकड्याला त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भागुबाईही आता संपत आली होती.

काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. निळी!

“सुटलो, मॅडम!” पद्मनाभला रडूच फुटलं.

“स्वल्प थांबा, अण्णा. भागुबाई बघितली का?”

तीही निळी. इतक्या वर्षांत ती कधी गप्प बसली नव्हती. पद्मनाभने बाटल्या तपासल्या. औषधाची जुनी बाटली कालच संपली होती आणि नव्या बाटलीचं सील जसंच्या तसं होतं. थेंब टाकल्याचं तर त्याला स्वच्छ आठवत होतं.

भागुबाईची शेवटची चकती काढताना तो पुटपुटला, “अक्का, आज तू एकटीच रंग गं.”

दोघंही रंगली. अगदी एकसारखी तपकिरी.

शस्त्रक्रिया झाली, पद्मनाभ वाचला. काही महिन्यांनी उशी घेऊन कामावर आला. साक्षीला नवा तुकडा शोधायला हवा, असं वसुमती म्हणाल्या.

“शोधता कशाला? मी आहे की.”

आता सकाळी तो स्वतःच्याच तुकड्याला हाक मारतो. पूर्वी हात सैल सोडून कापायचा. आता चकत्या जमतील तितक्या पातळ काढतो. तो तुकडा संपलेला त्याला बघायचा नाही.