रजेवरच्या नर्सचा पासवर्ड

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं पुसट झाली, पण नाशिकमधली ही एक घटना आजही तपशिलासकट आठवते.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सिडकोतल्या काही बायका एका माणसाला दंडाला धरून आमच्या पोलीस ठाण्यात घेऊन आल्या. मागून त्यांची शेजारीण आली, हाताला ओढणी गुंडाळलेली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती सटाण्याकडचं घर सोडून आली होती आणि इथे एका कारखान्यात पॅकिंगचं काम करत होती. त्या दिवशी कामाला निघाली, तर नवरा दारात उभा. त्याने विळा उगारला. वार तिने हातावर झेलला.

"मनी बायको शे ती, साहेब," एवढंच तो अहिराणीत म्हणत राहिला. पत्ता कुणी दिला ते सांगेना.

गुन्हा दाखल झाला. जबाबात बाई म्हणाली, "पत्ता माहेरीसुद्धा दिला नाही, साहेब. फक्त रक्त तपासायला गेले तेव्हा दवाखान्यात लिहून दिला होता."

नवऱ्याच्या मोबाइलमध्ये नाशिकच्या बऱ्याच रुग्णालयांना केलेले फोन सापडले. त्यांत बाईने रक्त तपासलं ते रुग्णालयही होतं.

आम्ही तिथे गेलो. नवऱ्याचा फोन आला त्याच वेळी संगणकावर बाईची माहिती उघडली गेली होती, एका नर्सच्या नावाने. ती तर तेव्हा भावाच्या लग्नासाठी घोटीला होती. तिला बोलावलं, तर रडवेली झाली.

"सर, माझा पासवर्ड सगळेच वापरतात. समोर पेशंटची रांग असते, दर वेळी कोण लॉगिन बदलणार?"

म्हणजे अख्खं काउंटर संशयित. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. कुणी तोंड उघडेना. अशा वेळी माणसं गुन्हा लपवत नसतात, रोज सोबत डबा खाणाऱ्याला सांभाळत असतात.

आमच्या महिला हवालदारांनी नवऱ्याचा मोबाइल पुन्हा तपासला. रुग्णालयाला केलेल्या त्या फोननंतर एका अनोळखी नंबरवरून त्याला फोन आला होता. त्यांनी काउंटरसमोर उभं राहून तो नंबर लावला. बिलं करणाऱ्या कारकुनाच्या खिशात मोबाइल वाजला.

"तुम्ही त्याला फोन कशाला केला होता?" मी विचारलं.

"बहिणीची आईशी भेट झाली का, ते विचारायला." त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला. "तो रडत होता, साहेब. म्हणाला, मी तिचा भाऊ, आई शेवटच्या घटका मोजतेय, बहिणीचा पत्ता द्या."

तो खरं बोलत होता. खटल्यात तो साक्षीदार झाला. पुरवणी जबाबासाठी बाई ठाण्यात आली, तेव्हा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, पत्त्याखाली माझा नंबर पण होता ना? आधी मला एक फोन करायचात."



तिला पुन्हा घर बदलावं लागलं होतं. जबाब लिहिणाऱ्या अंमलदाराने नवा पत्ता विचारला, तर ती माझ्याकडे वळली. "साहेब, हा कोण कोण वाचणार?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ठाण्यातही एकाच्या पासवर्डवर दुसरा बसत होताच. मी अंमलदाराला थांबवलं आणि पत्ता कुणाकुणाला दिसेल, ते तिला नावानिशी सांगितलं. माहिती घेणाऱ्याला एवढं सांगता येत नसेल, तर त्याने ती मागूच नये, हे मी त्या दिवशी शिकलो.