मोरीकडची रेघ

परबकाकांशी माझी ओळख भांडणातून झाली. अंधेरीच्या कॉलेजात संध्याकाळचं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. दिवसभर मालाडला लिफ्टच्या कंपनीत घासून आलेली मी, डोकं आधीच भणभणलेलं, आणि मागच्या बाकावरचा माणूस अखंड पुटपुटतोय. सर फळ्यावर आकृती काढत होते आणि हा आपला, इथून एक तार आली, पुढे गेली, दोन फाटे फुटले. मी तोंडाची फटकळ. वळून म्हटलं, ओ काका, मनातल्या मनात काढा ना. त्यांनी उजवा हात बाकावर ठेवला. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी, कातडी गुलाबी आणि चकचकीत.

"बाय, हात माझो असो आसा. म्हणान तोंडान काढतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले आणि बॅगेतून खोबऱ्याची वडी काढून दिली. मूळचे मालवणकडचे, वय पंचेचाळिशीच्या पुढे, वर्गात आम्हा सगळ्यांहून मोठे. मुलुंडच्या एका कारखान्यात वायरमन होते. डिप्लोमा झालेला, हाताला यश होतं. एकदा पॅनल उघडून काम करताना वरून कोणीतरी सप्लाय चालू केला. भडका उडाला. जीव वाचला, हात गेला. चौकशी झाली, ती कुठे विरली ते कुणालाच कळलं नाही. काकांना स्टोअरमध्ये बसवलं, बल्ब आणि हातमोजे द्यायला. मोठे साहेब म्हणाले होते, डिग्री कर, डिझाइन सेक्शनला इंजिनिअर म्हणून घेतो. त्या एका वाक्यावर हा माणूस रोज घाटकोपरहून मुलुंड, मुलुंडहून अंधेरी आणि परत घाटकोपर करत होता.

स्टोअरचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "वीस वर्सां करंटाबरोबर रवलंय, आता बल्ब मोजतंय," एवढंच म्हणायचे. पुढे काही विचारलं की ठरलेला शब्द, "रवांदे." राहू दे. सरांनी झापलं, रवांदे. कँटीनमधला चहा संपला, रवांदे. मला त्या शब्दाचा राग यायचा. मी त्यांच्या जागी असते तर त्या चौकशीवाल्यांना सळो की पळो करून सोडलं असतं. ते म्हणायचे, "हात गेलो तर गेलो. तोंड आसा मा माझा."

पहिली वर्षं त्यांनी डाव्या हाताने लिहून काढली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी पास होत गेले. अडलं ते शेवटच्या वर्षी, मशीन्सच्या पेपरात. त्यात आकृत्याच आकृत्या, डावा हात पुरा पडेना. दोनदा केटी लागली, विषय राहिला. आणखी एकच संधी उरली होती, कारण डिग्रीला दिलेली मुदत संपत आली होती. तेव्हा त्यांनी रायटर मागितला. तुम्ही सांगायचं, त्याने लिहायचं. पण रायटर आपल्या विषयाचा नको आणि नात्यातला नको, असा नियम. म्हणजे ज्याला मोटर कशाशी खातात हे माहीत नाही त्याच्याकडून आख्ख्या स्टार्टरची आकृती काढून घ्यायची.

काकांनी सरावाला काकी धरल्या. सुलभाकाकी सातवीपर्यंत शिकलेल्या, पोळी-भाजीचे डबे करायच्या. रविवारी मी घाटकोपरला त्यांच्या खोलीवर अभ्यासाला जायचे, तेव्हा हा प्रकार पाहिला. काकी जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात पाट, पाटावर कागद. समोर काका. सुरुवातीला नुसती मारामारी. काका समोर बसलेले, त्यामुळे त्यांचं डावं ते काकींचं उजवं. काका डावीकडे म्हणाले की रेघ भलतीकडे जायची. शेवटी काकीच वैतागून म्हणाल्या, डावं-उजवं नको, दार-खिडकी सांगा.

तेव्हापासून त्या खोलीतच सर्किट उभं राहिलं. देव्हाऱ्याकडून तीन तारा निघायच्या आणि मोरीकडे खाली यायच्या. एक फाटा दाराकडे, एक खिडकीकडे. काका डोळे मिटून सांगायचे आणि काकी झरझर काढायच्या, अशा की मला माझी वही लपवावीशी वाटायची. एकदा त्यांनी विचारलं, अहो, पण हे आहे तरी काय? काका सांगेनात.

"तुका कळला तर तू तुझ्या मनान काढशीत. थंयच्या रायटराक काय्येक कळाचा नाय. पास झालंय की सांगतलंय."

काकी म्हणाल्या, बरं बाई, आणि भाकरी थापायला उठल्या. वर्षभर हे चाललं.

परीक्षेच्या दिवशी माझाही एका दुसऱ्या विषयाचा राहिलेला पेपर त्याच इमारतीत होता. सुटल्यावर खाली आले तर जिन्याशी एक मुलगी रडत उभी. कॉमर्सची, काकांची रायटर. सारखी म्हणत होती, त्यांनी सांगितलं तसंच काढलं हो, तसंच काढलं. काका बाकड्यावर बसले होते, हात मांडीवर.

"बाय, मी त्या चेडवाक मोरीकडे रेघ ओढ म्हणान सांगलंय."

आधी हसले, मग हसू गेलं. घाईत त्यांच्या तोंडून घरचीच भाषा यायला लागली होती. मोरी कुठली ते तिला कळेना, ते समजावण्यात वेळ गेला. पण खरा घोटाळा दाराचा झाला. दाराकडे म्हटल्यावर पोरीने प्रामाणिकपणे वर्गाच्या दाराकडे रेघ ओढली. घरी दार डाव्या हाताला, तिथे उजव्या. काही रेघा घरच्या हिशेबाने, काही वर्गाच्या. कागद बघेपर्यंत तिन्ही तारा एकमेकींत गुंतल्या होत्या. त्यांनी नवा कागद मागितला, तोवर वेळ संपली. पर्यवेक्षकाने पेपर ओढून घेतला. मी जाऊन त्याच्याशी भांडले, अगदी आवाज चढवून. तो म्हणाला, नियम आहे मॅडम. काका मागून म्हणाले, रवांदे.

नापास झाले. मुदत संपली. मी पास झाले, मला बढती मिळाली आणि पेढे घेऊन त्यांच्याकडे जायची माझी हिंमत झाली नाही. फोन करायचे. ते माझ्या लिफ्टबद्दल विचारायचे, स्वतःचं काही बोलायचे नाहीत. पुढे काकींकडून कळलं की घरी पुटपुटणंही बंद झालं होतं. दोनेक वर्षांनी स्टोअरमध्येच छातीत कळ आली, डबा खाता खाता. हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं. मला अजूनही वाटतं, हा माणूस त्या पेपरातच गेला. नंतर नुसता कामाला जात होता.

बाराव्यानंतर मी घाटकोपरला गेले. पाट भिंतीला उभा होता. काकींनी चहा दिला, मग पाट ओढला, एक कागद घेतला आणि काढायला बसल्या. देव्हाऱ्याकडून तीन तारा, मोरीकडे खाली, एक फाटा दाराकडे, एक खिडकीकडे. एकही रेघ चुकली नाही. कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, आता तू सांग, हे कशाचं?

मी म्हटलं, काकी, हा स्टार्टर. मोठी मोटर चालू करायला लागतो. टाकीत पाणी चढवायची असते ना, तसली मोटर.

"पाणी चढवायची?"

"हो."

त्यांनी मोरीकडच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढंच होतं, तर सांगायला पास कशाला व्हायला हवं होतं गं त्यांना?"